पिंपातलं संत्रं

लिहायला बसलो खरा, पण पहिली ओळ लिहून दोनदा खोडली. या अंकात मोठमोठ्या लोकांचे अनुभव येतात. कुणी न्यायासनावर बसलेले असतात, कुणी रेल्वेचे पूल बांधणारे असतात. माझा अनुभव म्हणजे कोल्हापुरात कॉलेज शिकत असताना लोकांच्या घरची कुंड्यांतली लिंबं, संत्री, महाळुंगं यांना खत घालणं. याला धंदा म्हणावं की नाही हेसुद्धा मला सांगता यायचं नाही. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी लेखणी धरलेली नाही. मासिकात लिहितोय असं वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कशाचं?" मी म्हणालो, "खताचं." ते म्हणाले, "त्ये समद्यांस्नी ठाऊक हाय की." त्यांचं म्हणणं मला अजून खोडून काढता आलेलं नाही. पण संपादकांनी आग्रह धरला, आणि एका झाडाबद्दल कुणाला तरी सांगावं असं माझ्या मनात बरेच दिवस होतं, म्हणून हे धाडस. चुकलंमाकलं असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव गगनबावड्याच्या अलीकडं. पावसाळ्यात आमच्याकडं घराच्या भिंतीसुद्धा हिरव्या होतात. झाडाला माणसानं पाणी घालावं लागतं ही गोष्ट मला कोल्हापुरात आल्यावर कळली. महाराज सरकारांच्या कृपेनं आमच्यासारख्यांच्या पोरांसाठी शहरात बोर्डिंगं निघाली होती, त्यातल्या एकात मी राहिलो. वरखर्चासाठी काही काम हवं होतं. शिकवण्या शहरातल्या मुलांना मिळत. ज्याच्या बोलण्यात अजून 'हाय' आणि 'न्हाय' येतं त्याच्याकडं आपलं मूल कोण पाठवणार? एक दिवस आमच्या बोर्डिंगच्या मास्तरांनी विचारलं, "कुणब्याचा ना तू? मग झाडं सांभाळता येत असतील." मी हो म्हणालो. संत्र्याचं झाड मी तोवर डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

काम होतं रंकाळ्याच्या बाजूच्या एका बंगल्यात. तिथल्या बाईंना सगळे आईसाहेब म्हणत. त्यांचे यजमान दरबारच्या नोकरीत होते, ते जाऊन काही वर्षं झाली होती. एकुलता मुलगा, दादासाहेब, पलटणीबरोबर बसऱ्याकडं लढाईवर गेलेला. त्याच्याकडं खेचरांच्या तुकडीचं काम होतं. दादासाहेबांना मी कधी पाहिलं नाही. त्यांची झाडं मात्र पानापानानं ओळखीची झाली. फरसबंद अंगणात त्यांनी ओळीनं कुंड्या मांडल्या होत्या: कागदी लिंबं, महाळुंग, एक पपनस. मधोमध लाकडी पिंप अर्ध्यातून कापून त्यात संत्र्याचं एक कलम. ते त्यांनी स्वतः नागपूरकडून आणून लावलेलं. लढाईवर जाताना आईला सांगून गेले होते, याची पहिली फळं मी येईपर्यंत झाडावरच ठेवायची, कुणाला द्यायची नाहीत.

पण ठेवायला फळ धरायला तर हवं. झाड पुरुषभर उंच, पानं तेल लावल्यासारखी, आणि फूल म्हणाल तर एक नाही.

"दौलत," आईसाहेब मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बाकीच्या कुंड्यांचं काय व्हायचं ते होवो. हे झाड त्याच्या येण्याआधी फळलं पाहिजे."

मला सगळे दौलू म्हणतात. पूर्ण नावानं हाक मारणाऱ्या त्या पहिल्याच.

आता या कामाची थोडी माहिती सांगतो. जमिनीतलं झाड मुळं लांबवर धाडून आपली सोय आपण करून घेतं. कुंडीतलं झाड आपल्या हातावर जगतं. तुम्ही द्याल ते खातं, आणि तुम्ही चुकलात तरी तेच खातं. त्यातून लिंबाच्या जातीला भूक मोठी आणि पोट नाजूक. पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर झाड उपाशी आहे. पानाच्या कडा करपल्या तर जास्त झालंय. माती ओली असून झाड मान टाकत असेल तर खाली मुळं कुजतायत, तेव्हा खताचं नाव काढू नये. खत खोडाशी घालायचं नाही. खाणारी मुळं कुंडीच्या काठाशी असतात, तिथली माती खुरप्यानं हलकी करून, चांगलं मुरलेलं शेणखत किंवा लेंडीखत मूठभर द्यायचं. आधी पाणी, मग खत, मग पुन्हा पाणी. करंजीची पेंड भिजवून, कुजवून, चहाच्या रंगाइतकी पातळ करून द्यायची. हाडांची भुकटी वर्षाकाठी एकदा.

हे सगळं आज सांगता येतं. तेव्हा मला एकच ठाऊक होतं. आमच्या गावी धनगराची बकरी रानात बसवली की त्या वर्षी भात कमरेला लागतं. रंकाळ्याच्या कडेला धनगरांचा एक कळप उतरला होता. मी त्यांच्याकडून ताज्या लेंड्या पाटीनं आणल्या आणि आईसाहेबांच्या सगळ्या कुंड्या काठोकाठ भरल्या. संत्र्याच्या पिंपात तर दोन पाट्या. मला वाटलं, झाडांनी इतकं कधी पाहिलंच नसेल.

थोड्याच दिवसांत पानं गळायला लागली. मी अंगणात उकिडवा बसून गळलेली पानं गोळा करत होतो. फाटकातून एक उंच, दाढीला मेंदी लावलेला माणूस आत आला. कुंड्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"पावणं, झाडांचं लगीन हाय काय?"

"नाही. का?"

"न्हाई, पंगत लई मोठी बसवलीया म्हनून इचारलं."

हे दस्तगीरमामा. मंडईजवळ त्यांचं फळांचं दुकान. घरच्या लिंबांना गिऱ्हाईक म्हणून ते बंगल्यावर येत असत. त्यांनी बाह्या सारल्या आणि बोलता बोलता लेंड्या उपसायला लागले. "तुज्या गावाकडं ही रानात पसरती, वरनं पाऊस हाय. हितं कुंडीत तिची भट्टी हुतीया. उचल ती बादली. कॉलेज शिकतोस न्हवं? मग उचल." दिवसभर आम्ही कुंड्या धूत होतो. पपनस गेलंच. संत्र्यानं निम्मी पानं टाकली, पण तगलं.

आईसाहेबांना मी भीत भीत सांगितलं. त्या पिंपाजवळ गेल्या, एका फांदीला बोट लावलं आणि म्हणाल्या, "त्यानंही लावल्या लावल्या असंच केलं होतं. मासळीचं खत घातलं होतं, गल्लीतली सगळी मांजरं आली." असं म्हणताना त्या हसल्या होत्या. दादासाहेबांचा विषय निघाला की त्या आधी हसत, मग त्यांचं लक्ष फाटकाकडं जाई.

पेंडीच्या वासाचा एक प्रसंग इथं सांगायलाच हवा. चैत्रातलं हळदीकुंकू. मी आदल्या आठवड्यात मडक्यात पेंड कुजत घातली होती आणि नेमक्या त्याच दिवशी सकाळी झाडांना दिली. दुपारी बायका नटूनथटून अंगणात आल्या. प्रत्येकीनं हळूच पदर नाकाला लावला आणि शेजारणीकडं संशयानं बघितलं. कैरीची डाळ कुणी घशाखाली घालेना. आईसाहेब शांतपणे म्हणाल्या, "माझ्या संत्र्याचं जेवण चाललंय. आपलंही होऊ द्या." पुढं कितीतरी दिवस रस्त्यात भेटलेल्या बायका मला विचारत, "काय रे, जेवलं का संत्रं?"

त्या हळदीकुंकवामुळं माझं नाव मात्र झालं. ज्यांच्या घरी म्हणून कुंडीत लिंबू होतं ते मला बोलवायला लागले. एका वकिलांची आई होती, सोवळ्यातली. लिंबाला हाडांची भुकटी घालायला हवी असं मी म्हटलं. त्यांनी विचारलं, "कसली हाडं?" मी म्हणालो, "जनावरांची." "कुठल्या?" ते मलाही माहीत नव्हतं. त्या बराच वेळ विचार करत बसल्या. झाडाचा लोभही सुटत नव्हता. शेवटी म्हणाल्या, "घाल. पण त्याची लिंबं लोणच्याला नकोत. दाराला नजरेसाठी बांधू." त्या वर्षी झाडाला इतकी लिंबं लागली की गल्लीत एकाही दाराला नजर लागायची सोय राहिली नाही.

दुसरं गिऱ्हाईक आमच्या बोर्डिंगजवळच्या तालमीचे वस्ताद. तालमीच्या अंगणात त्यांचं कागदी लिंबू होतं, खोडावर मुंग्यांची काळी रांग.

"याला काय घालता?" मी विचारलं.

"काय न्हाई. पानी."

"मग मुंग्या कशाच्या?"

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. "दुधाचा थेंब सांडत असंल एकादा."

"नुसत्या दुधाचा?"

"बदाम बी असत्यात त्यात. खसखस."

"वस्ताद, थंडाई घालताय याला?"

"रोज न्हाई," ते म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण नजर खाली. "मेहनत झाल्यावर पेला तोंडाला लावतो. ह्ये समोर हुबं असतंय. एकट्यानं प्यायचं बरं दिसत न्हाई."

मी त्यांना थंडाई बंद करायला लावली. ते तेव्हा मला हसण्यासारखं वाटलं होतं. बोर्डिंगात येऊन मी पोरांना नक्कल करून दाखवली. पुढं आईसाहेबांच्या अंगणात जे पाहिलं, त्यानंतर ती नक्कल मी केली नाही.

संत्र्याची पानं पुन्हा भरून आली होती. मी मुरलेलं शेणखत दिलं, पेंडीचं पाणी दिलं, भुकटी दिली. झाड गर्द झालं. बंगल्यात शिरलं की आधी तेच डोळ्यांत भरायचं. फूल मात्र नाही. दस्तगीरमामा फळांच्या सौद्याला नागपूर-वऱ्हाडाकडं जाऊन आलेले. ते पिंपाभोवती फिरले आणि म्हणाले, "तुजं खत चुकलं न्हाई. त्यो पोटभर जेवून निवांत बसलाय. त्याला ताण पायजे."

ताण म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खतानं पान येतं. फुलासाठी संत्र्याला तहान लागावी लागते. मार्गशीर्षात थंडी पडली की पाणी बंद करायचं. वरची माती काढून मुळांना ऊन दाखवायचं. पानं आधी तेज सोडतात, मग वळायला लागतात, काही गळतात. झाडाचा जीव घाबरा होतो. नेमक्या त्या वेळी खत-माती भरून पाणी सोडायचं, पहिल्यांदा थोडं, मग पोटभर. झाडाला वाटतं मरता मरता वाचलो, आणि ते फुलून येतं. याला बहार धरणं म्हणतात. ताण कमी झाला तर फूल नाही, आणि जास्त झाला तर झाड नाही. सगळी कारागिरी त्या मधल्या जागेत.

आम्ही आईसाहेबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "मरायचं तर नाही ना?" एवढंच विचारलं. मामा म्हणाले, "माजी जबाबदारी." त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळतं तसं करा."

आम्ही पाणी तोडलं. वरची माती कोरडी खडखडीत झाली, भेगा पडल्या. आणि पानं होती तशीच, तेल लावल्यासारखी. कुंडीतलं झाड, खरं तर लवकर वळायला हवं. मामा रोज दुकान उघडायच्या आधी येऊन बघत आणि चक्रावत. त्यांना वाटलं, पिंपाचा तळ फोडून मुळं जमिनीत उतरली असणार. आम्ही पहारी लावून पिंप तिरपं केलं. तळ शाबूत. मग त्यांनी दवावर संशय घेतला. मग माझ्यावर.

"कॉलेज, चोरून घालतोयास काय पानी?"

"नाही, मामा."

"शपथ घे."

"कशाची?"

"तुज्या परीक्षेची."

मी घेतली. तरी ते माझ्याकडं तिरप्या नजरेनं बघतच राहिले.

एका सकाळी कॉलेजात लवकर जायचं होतं, म्हणून मी उजाडता उजाडताच बंगल्यावर गेलो. आईसाहेब अंगणात होत्या. न्हालेले केस तसेच ओले, हातात तांब्या. त्यांनी सूर्याला अर्घ्य दिलं. मग पिंपाजवळ बसल्या. कडेची कोरडी माती बोटांनी अलगद बाजूला केली, तांब्यातलं उरलेलं पाणी हळूहळू त्या जागी सोडलं, ते जिरेपर्यंत थांबल्या, आणि कोरडी माती पुन्हा वर पसरून हातानं सारखी केली. इतक्या सफाईनं की आम्हाला कधी ओल दिसली नव्हती.

उठताना त्यांना मी दिसलो. त्या दचकल्या नाहीत.

मी म्हणालो, "आईसाहेब, अशानं ताण तुटतो."

"माहीत आहे मला."

मी खाली बसून मातीला हात लावला. त्याच म्हणाल्या, "तो लिहितो, तिथं पाणी मापून मिळतं. आधी खेचरांना, मग माणसांना. मी इथं भरला तांब्या हातात घेऊन उभी राहते, आणि समोर त्याचं झाड वाळत ठेवायचं? नाही होत माझ्याच्यानं."

"पण फळ..."

"फळ मलाच हवंय, दौलत. रोज रात्री ठरवते, उद्या नाही घालायचं. सकाळी हात आपला आपण जातो." त्यांनी तांब्या पदरानं पुसला. "तू शिकलेला आहेस. तहान न देता फूल येईल असं एखादं खत असेल तर बघ."

मी बघितलं. त्या वेळी मी खरोखर बघितलं. कॉलेजच्या ग्रंथालयात शेतकीची पुस्तकं उघडून बसलो, निम्मं इंग्रजी कळलं नाही तरी. गगनबावड्याच्या घाटानं कोकणातून वर येणाऱ्या गाडीवानांकडून सुकलेल्या मासळीचा कुटा आणवला. गुऱ्हाळावरून काकवीची मळी आणली. मेंढ्यांची लोकर कुजवली. मी देईन ते झाड खात गेलं आणि पानांवर पानं काढत गेलं. असं खत नसतंच हे मला हळूहळू कळलं, पण आईसाहेबांना ते सांगायचं धाडस झालं नाही. त्या दर नव्या खताला विचारत, "हे लागू पडेल?" आणि मी म्हणत असे, "बघू या."

दस्तगीरमामांना मी सकाळची ती हकीकत सांगितली तेव्हा ते भडकतील असं वाटलं होतं. ते टोपी काढून डोकं खाजवत बसले. पुढच्या मार्गशीर्षात त्यांनी एकदाच प्रयत्न केला. "आईसाहेब, थोडं दिस म्हायारी जाऊन येतासा काय? तवर आमी हितलं बघतो."

आईसाहेब हसल्या. "आणि तिथं मला घास उतरेल का, दस्तगीर?"

मामा बाहेर येऊन मला म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पानं बी काय वाईट न्हाईत."

अशी वर्षं गेली. सकाळी कुंड्या, दिवसा कॉलेज, संध्याकाळी कधी कधी आईसाहेबांना दादासाहेबांचं पत्र वाचून दाखवणं. पत्रं त्यांना स्वतःलाही वाचता यायची. पण दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं की तो बोलतोय असं वाटतं, असं त्या म्हणत. वाचताना मी माझं 'हाय-न्हाय' सांभाळून शुद्ध बोलायचा प्रयत्न करी. एकदा त्या म्हणाल्या, "बोल रे तुझ्यासारखं. तोही तसाच बोलतो." त्या दिवसापासून मला आपल्या बोलण्याची लाज वाटेनाशी झाली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

बी. ए. होऊन मी कायदा शिकायला पुण्याला निघालो, तेव्हा निरोप घ्यायला गेलो. आईसाहेब पिंपाजवळच होत्या.

"फुललं की कळवा," मी म्हणालो.

"मी पाणी घालतेय तोवर फुलायचं नाही, हे तूच शिकवलंस ना? तो आला की बंद करीन. मग फुलेल. तेव्हा ये."

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता मानमोडीच्या तापाची साथ आली. पुण्यात आमच्या वसतिगृहातल्या खाटाच्या खाटा रिकाम्या होत होत्या. मीही पडलो. तापात मला सारखं त्या अंगणातलं काही ना काही दिसायचं: ओली फरशी, खुरपं, पिंपाचे गंजलेले पट्टे. पडून उठलो तेव्हा लढाई थांबल्याचं कळलं. कोल्हापूरच्या ओळखीच्या किती घरांत काय झालं, ते विचारायची भीती वाटत होती. वसतिगृहाच्या मागं कुणाचं तरी लिंबाचं झाड होतं. अभ्यासाला बसण्याआधी मी जाऊन त्याचं एक पान चुरगाळून वास घेई आणि परत येई. बाकीच्या मुलांना वाटे हा काही गावठी उपाय आहे.

फाल्गुनात बोर्डिंगातला एक मित्र पुण्याला आला. गप्पांच्या ओघात म्हणाला, "अरे, रंकाळ्यावरनं येताना वास आला म्हणून कुंपणावरून बघितलं. तुझं ते पिंपातलं झाड पांढरं फटक झालंय."

मी उठून उभाच राहिलो. तो आला. दादासाहेब आले आणि आईसाहेबांनी पाणी बंद केलं. मी त्या मित्राला चहा पाजला, कशाबद्दल ते त्याला सांगितलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र दुसरं कारण सुचलं. पाणी घालणारा हात राहिला नसेल, तरीही झाडाला ताण बसेल, आणि ते असंच फुलेल.

बहाराची दोनच कारणं असू शकतात असं मी धरून चाललो. एका कारणानं धावत जावंसं वाटे, दुसऱ्यानं पाय उचलत नसे. बंगल्याच्या पत्त्यावर पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. मुलगा इतक्या वर्षांनी घरी आल्यावर पत्राचं कुणाला सुचतं, अशी समजूत घालून घेतली. परीक्षा तोंडावर होती. पुस्तकातल्या ओळी डोळ्यांसमोरून जात, आणि मी मनात हिशेब करी की आता पाकळ्या गळल्या असतील, आता मोहरीएवढं फळ असेल, आता वाटाण्याएवढं. कुणी पातळ पेंडीचं पाणी देतंय की नाही?

वैशाखात दुपारी खोलीवर निरोप आला की कुणी गाववाला भेटायला आलाय. खाली दस्तगीरमामा पायरीवर बसलेले. आंब्याच्या सौद्याला पुण्याच्या मंडईत आले होते. दाढीतली मेंदी उतरून पांढरं दिसत होतं.

"लई जिनं हैत रं तुज्या हितं," ते म्हणाले. "वर यायचं धाडस झालं न्हाई."

मी पाणी आणून दिलं. ते प्यायले, मग खिशातून रुमाल काढून उलगडला. आत बोराएवढी हिरवीगार फळं, देठापासून गळलेली. मी एकाला नख लावलं. तोच वास.

"गळ झाली थोडी. घाबरू नगो, झाडावर बक्कळ ऱ्हायल्यात."

"दादासाहेब आले?"

मामांनी मान हलवली. "न्हाई."

मला दुसरा प्रश्न विचारवेना. त्यांनीच ओळखलं. "आईसाहेब हैत. बऱ्या हैत."

"मग पाणी कुणी बंद केलं?"

मामा रुमालातली फळं बोटानं इकडून तिकडं करत राहिले. "लढाई थांबली तवा आईसाहेबांनी गल्लीत साखर वाटली. मला बी मूठभर दिली. म्हनल्या, आता येईल. मग काय दिसांनी तार आली. गोळीनं न्हवं, तापानं. लढाई थांबायच्या आदीच गेलता त्यो. आमी साखर खाल्ली तवा बी त्यो न्हवता."

रस्त्यावरून एक टांगा गेला. त्यांनी पाय आत ओढून घेतले आणि पुढं सांगू लागले.

"तार आली त्या सकाळपासनं त्या अंगनात आल्याच न्हाईत. मी बी कुठल्या तोंडानं जाणार? मग एक दिस न ऱ्हावून गेलो. पानं पार वळलेली, मुठीत चुरगाळल्यागत. आपन दोघं वाट बघत हुतो बघ, तस्साच ताण. मी खत भरलं, पानी सोडलं. अल्लाची आन, दौलू, बहारासाठी न्हाई घातलं. झाडाकडं बघवंना म्हनून घातलं."

"आणि फुललं."

"वास आत गेला असंल. आईसाहेब भाईर आल्या. लई वेळ हुब्या. मला वाटलं, आता म्हनत्यात, तोडून टाक ह्ये. त्या आत गेल्या आनि तांब्या घिऊन आल्या."

"आता घालतात पाणी?"

"रोज सकाळी. आता माती सारायचं बी न्हाई, उघड घालत्यात. फळं काढायची न्हाईत म्हनल्यात. झाडावरच ठेवायची."

मी त्या हिरव्या फळांकडं बघत होतो. तोंडात आलं ते सवयीनं आलं. मी म्हणालो, "असं रोज पाणी चालू राहिलं तर पुढच्या वर्षी फूल येणार नाही, मामा. मार्गशीर्षात ताण..."

मामांनी रुमालाची गाठ मारली आणि तो माझ्या हातात ठेवला.

"आता आनि कुनाला ताण द्यायचा, दौलू?"